बासष्ट युक्त्या आणि आडी महिना

स्पेसबार दाबत दाबत शीर्षक पानाच्या मध्यावर नेणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. बाकी माझा स्वभाव बरा आहे असं माझी आईसुद्धा म्हणत नाही, पण निदान या रागाला कारण आहे. तीच फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की शीर्षक भलतीकडेच सरकलेलं असतं आणि ते जागेवर आणायला मला हाक मारतात. मधोमध हवं तर मधोमधचं बटण आहे. रकाने हवेत तर टॅब आहे. स्पेसबार दोन शब्दांमध्ये एकदाच दाबायचा, एवढं पाळलं तरी जगातली निम्मी कागदपत्रं सुधारतील.

चेन्नईत तीन वर्षं मी हेच सांगत होते. मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आमचं छोटं ऑफिस होतं. मोटारींच्या कारखान्यांसाठी माहितीपुस्तिका, प्रशिक्षणाच्या स्लाइड आणि भिंतीवरची सूचनांची पोस्टरं आम्ही बनवायचो. मी नगरकडची, वर्षावर्षाच्या कंत्राटावर आलेली. वर्ष संपलं की नवा कागद, पुन्हा एक वर्ष. पुढच्या खेपेला कायम करू, असं मॅनेजर दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी आईला फोन करून ते सांगायचे.

पहिल्याच आठवड्यात आईशी बोलून फोन ठेवला, तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “आईस बरें आहे का गे?”

मी दचकलेच. त्या होत्या अक्का. पन्नाशी उलटलेल्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, जन्म मैलापुरातला, केसांत मोगरा, हातात कॉफीचा टंबलर, आणि तोंडात आमच्या जुन्या पोथ्यांत असते तशी मराठी, तमिळ हेल काढून बोललेली. त्यांच्या घरातली मुलं आता तमिळ आणि इंग्रजीच बोलायची. अक्कांना मराठी बोलायला माणूस नव्हतं आणि मलाही नव्हतं. आमचं जमलं यात नवल काही नाही.

ऑफिसात आमची भाषा दुसऱ्या कुणाला कळत नसे. त्याचा आम्ही भरपूर फायदा घेतला. मॅनेजरांच्या नव्या शर्टावर त्यांच्यासमोरच मराठीतून टिप्पणी व्हायची आणि ते बिचारे हसून मान डोलवायचे. मी अक्कांना सगळं सांगायचे. घरमालकीण काय बोलली, कुठे कुठे अर्ज टाकलेत, कायम झाले तर आईला इकडे आणीन म्हणते. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नसतं तेही सांगितलं. भाषा आपली म्हणजे माणूस आपलं, असा माझा सरळ हिशेब होता. गावाकडे असते तर असा हिशेब केला नसता. तिथे सगळेच मराठी बोलतात आणि त्यांतले किती आपले असतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

अक्कांचं इंग्रजी फार सुरेख. मजकूर लिहावा तर त्यांनीच. पण सॉफ्टवेअरसमोर बसल्या की देवघरात सोवळं मोडेल म्हणून उभं राहावं तशा अंग चोरून बसायच्या. मी खुर्ची ओढून शेजारी बसायचे. प्रत्येक शीर्षक हाताने ठळक करू नका, त्याला शीर्षकाची स्टाइल द्या. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि रंग बदलायचा झाला तर एकाच जागी बदलतो. कंपनीचं चिन्ह ऐंशी स्लाइडवर ऐंशी वेळा चिकटवू नका, मास्टर स्लाइडवर एकदा ठेवा. एका परिच्छेदाचं रूप दुसऱ्याला द्यायचं तर तो ब्रश असतो ना, त्यावर दोनदा क्लिक करा, मग एस्केप दाबेपर्यंत तो हातात राहतो. हे कळलं त्या दिवशी अक्का लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, “अय्यो, इतकीं वर्षें मज कोणीं हें सांगितलें नाहीं!”

चित्रांचं सॉफ्टवेअर त्यांना अधिक जड गेलं. चित्रातला नको असलेला भाग खोडायचा नाही, मास्कने झाकायचा, म्हणजे उद्या हवासा वाटला तर परत मिळतो. प्रत्येक थराला नाव द्यायचं, नाहीतर चाळीस थरांत नट कुठला आणि बोल्ट कुठला ते शोधत बसावं लागतं. हे मी किती वेळा सांगितलं असेन! आणि मला कंटाळा कधीच आला नाही. कुणीतरी इतक्या प्रेमाने शिकतंय, याचंच मला अप्रूप होतं.

यंदा मे महिन्यात मॅनेजरांनी बोलावून सांगितलं की या सगळ्या युक्त्या लिहून काढ, ऑफिससाठी एक हँडबुक होईल. इंग्रजी अक्का तपासतील. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, “हें पुस्तक झालें कीं तुज कायम करितील, पाहा.” मी हरखून गेले. बासष्ट युक्त्यांची यादी केली आणि एकेक प्रकरण जीव ओतून लिहायला घेतलं. मी लिहायचे, अक्का तपासायच्या, मॅनेजर वाचायचे आणि स्वच्छ प्रत माझ्याकडे परत यायची. अक्का सारखं म्हणायच्या, इथे आणखी खुलासा कर, हें अडाण्यास कळेल असें लिही. मी लिहायचे. आपल्याच पायावर धोंडा मारून घेताना तो धोंडा मी चांगला घासून गुळगुळीतही करत होते.

जुलैच्या शेवटी पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. कायम नोकरी, घरापासून तीन तासांवर. एका आठवड्यात होकार कळवायचा होता आणि ऑगस्टच्या सुरुवातीला रुजू व्हायचं होतं. मी पत्र आधी अक्कांना दाखवलं, आईला नंतर.

अक्कांनी ते दोनदा वाचलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, “आतां आडी चालू आहे गे. आडींत नवें काहीं आरंभूं नये. आवणी लागूं दे, तुझा कागद इथेंच येईल.”

आडी हा तमिळ महिना, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा; त्याच्या पुढचा आवणी. आडीत इकडे लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, नवं काम हाती घेत नाहीत. आमच्याकडे आषाढाचं थोडंफार असतं, पण त्यासाठी नोकरी कुणी सोडत नाही. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. पण ते अक्कांनी सांगितलं, माझ्या भाषेत, माझा हात धरून. परक्या गावात कुणीतरी आपल्यासाठी महिना पाहतंय, या कल्पनेनेच मला भरून आलं. मी पुण्याला नाही म्हणून कळवलं. आई चार दिवस बोलली नाही.

आवणी लागला. कागद आला नाही. सप्टेंबर लागला, कंत्राट महिनाअखेर संपणार होतं. अक्का म्हणाल्या, साहेब कामांत आहेत, धीर धर. मी धीर धरला.

मग एका दुपारी मॅनेजरांनी पूर्ण हँडबुकाची फाइल पाठवली. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकत होते, तेवढे दुरुस्त करून हवे होते. फाइल उघडली की आधी लपलेल्या खुणा दाखवायला लावायच्या, ही माझी जुनी सवय. कोणी काय बदललं आणि समासात काय टिपून ठेवलं हे दिसल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. घाईत त्यांनी स्वच्छ प्रतीऐवजी स्वतःची प्रत पाठवली होती. उजवीकडचा समास टिपणांनी भरून गेला. सगळी अक्कांची, मॅनेजरांसाठी लिहिलेली, त्यांच्या त्या सुरेख इंग्रजीत. तिसऱ्या प्रकरणाशेजारी होतं: हा भाग तिच्याकडून अधिक सविस्तर लिहून घ्यावा, सप्टेंबरनंतर विचारायला ती इथे नसेल.

टिपणाखाली तारीख असते. जूनचा दुसरा आठवडा होता.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आधी वाटलं, मला इंग्रजी नीट कळत नाही. मग तारखा जुळवल्या. पुण्याचं पत्र आलं त्याच्याही दीड महिना आधी या बाईंना सगळं माहीत होतं.

उठून मॅनेजरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, मला काढणार होता तर सांगितलं का नाही? ते खरोखर गोंधळले. म्हणाले, “जूनमध्येच सांगितलं ना? मी मॅडमना म्हणालो होतो, तिला तुमच्या भाषेत नीट समजावून सांगा. वेळेवर कळलं तर दुसरीकडे बघता येईल. त्या म्हणाल्या, सांगितलं.” मग माझा चेहरा पाहून त्यांना अवघडल्यासारखं झालं. तुझी जागा बंद केली, म्हणाले. मॅडमना निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून दिली आहेत, हँडबुक पाहून त्या तुझं काम सांभाळतील. आणि मला बरं वाटावं म्हणून की काय कोण जाणे, त्यांनी पुढे जोडलं, “मी त्यांना म्हणालो होतो, आडी आहे, सही आवणीत करू. त्याच म्हणाल्या, नको, आजच करू.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं लहानपणापासून ऐकत आले. ऐकायला गंमत वाटते.

अक्का जागेवरच होत्या. मी उभ्यानेच विचारलं, “तुम्ही आडीत सही केलीत?”

त्यांनी चष्मा काढला. नाही म्हणाल्या नाहीत, रडल्याही नाहीत. रडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाल्या, “तूं तेव्हां गेली असतीस तर पुस्तक अर्धेंच राहिलें असतें. मग मज कोण ठेवितें? तूं लहान आहेस. तुज कोठेंही मिळेल. मज मिळेल का, तूंच सांग.”

त्या म्हणाल्या त्यात खोटं काही नव्हतं आणि म्हणूनच माझा राग दुप्पट झाला. मलाही वाचवायला हवं, हे त्यांना दिसलंच नव्हतं. केसाने गळा कापावा आणि वर म्हणावं, तुझा गळा कोवळा आहे, भरून येईल. त्याच दिवशी पुण्याला मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जागा भरली.

शेवटच्या आठवड्यात अक्का स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. “तें शेवटचें प्रकरण मज समजलें नाहीं. दाखवशील का?”

ते प्रकरण छपाईचं होतं. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर आपला तमिळ फॉन्ट नसला तर अक्षरांचे चौकोन होतात, म्हणून फाइल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करतात, म्हणजे त्यांचं साधं चित्र करतात. एकदा कर्व्ह केलं की त्यात एक अक्षरही बदलता येत नाही, म्हणून बदलता येणारी प्रत आधी वेगळी ठेवावी लागते. ते सांगायला मी विसरले असते तर पहिल्याच कामाला त्या तोंडावर पडल्या असत्या. तो विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला दिवसभर आला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं दाखवलं. प्रत कुठे ठेवायची, कुठलं नाव द्यायचं, छापखाना उलट काय काय विचारतो, ते सगळं. त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. मध्ये त्यांनी कॉफी मागवली, मी घेतली नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, केवढं मोठं मन! मन कसलं मोठं. त्यांना माझ्याशिवाय सगळं जमावं, काही अडलं म्हणून त्यांचा फोन मला कधी येऊ नये, एवढ्यासाठी मी ते शिकवलं.

आता मी नगरला आईकडे आहे, अर्ज टाकते आहे. अक्कांचा फोन अजून एकदाही आलेला नाही. मला तेच हवं होतं. पण फोन वाजला की मी आधी नाव बघते, आणि त्यांचं नसलं की वाईट वाटतं, याचा मला अक्कांवर येतो त्याहून जास्त राग येतो.