काकांचं महागडं पेट्रोल

तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या समोर राहणारे काका आपल्या जुन्या छोट्या गाडीला जास्त ऑक्टेनचं, महागडंच पेट्रोल पाजतात. गाडी जाते कुठे, तर गोल बाजारात, भाजी आणायला. साधं पेट्रोल भरणाऱ्यांकडे ते असे पाहतात, जणू आम्ही पोटच्या पोराला गटाराचं पाणी पाजतोय.

"काहून इंजिन मारून राहिले भैया?" मला नेहमी विचारतात.

गाडीच्या पुस्तकात साधंच पेट्रोल भरा असं लिहिलंय, हे मी एकदा दाखवलं. "कंपनीले काय समजते?" म्हणाले. सर्व्हिसिंग त्यांनी कधी केलंच नाही. महागाचं पेट्रोल आतून सगळं धुऊन काढतं म्हणे.

परवा गाडी बाजाराच्या तोंडाशीच बंद पडली. मेकॅनिकने एअर फिल्टर काढला, तर तो काळ्या धुळीने गच्च. इंजिन ऑइलचं डांबर झालेलं. काका त्याच्यावरच डाफरले, "पंपवाल्यानं भेसळ केली असंन!"

गाडी मेकॅनिककडे सोडून मी त्यांना माझ्या स्कूटरवर घरी आणत होतो. मागे बसून त्यांनी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला.

"तुमच्या गाडीले ऑक्टेन कमी पडून राहिलं."

"हव काका," मी म्हणालो, "पण तुम्हाले घरी नेऊन राहिली ना."