दोन वकील, एक विहीर

सोनईजवळच्या आमच्या मळ्यात विहीर एक आणि मालक दोन: मी आणि माझा थोरला चुलतभाऊ. पाण्याची पाळी तीन-तीन दिवसांची. सगळं सुरळीत होतं, पण त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव तिच्या आजोळच्या मंडळींच्याही खाली छापलं गेलं आणि मी अबोला धरला. दोन वर्षं! तोही मोठ्या थाटात. तो समोरून आला की मी आभाळ बघायचो.

यंदा माझ्या कांद्याच्या रोपाने माना टाकल्या आणि पाळी नेमकी त्याची. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेली माझी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नका बोलू. फोन बोलतील." तिचा काकाशी अबोला नव्हता; तिने आम्हा दोघांच्या मोबाईलमध्ये आपापल्या मालकाच्या वतीने बोलणी करणारा एकेक अदृश्य वकील बसवला. विहिरीवर रेंज नाही, पण या वकिलांना ती लागतच नव्हती. एका फोनातून थेट दुसऱ्यात बोलायचे. अट एकच: दोन्ही फोन तीस-चाळीस पावलांच्या आत हवेत.

म्हणजे अबोला असलेल्यांनी शेजारी बसायचं! बसलो. पाठीला पाठ करून.

मी माझ्या वकिलाला बजावलं होतं: दोन तास पाणी माग, पण नमू नकोस. लेकीने मात्र त्याला घरची रीत शिकवून ठेवलेली. भावाचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे त्याचा फोन मोठ्याने वाचू लागला, "दादा, आज दोन तास पाणी द्याल का?"

दादा! दोन वर्षांत हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता.

भाऊ विहिरीला म्हणाला, "पानी पायजे म्हनून दादा व्हय?"

मी बांधावरच्या म्हशीला सांगितलं, "मी नाही, फोन म्हणाला."

"मंग फोनलाच पाज पानी!"

म्हैस रवंथ करत राहिली. त्याच्या वकिलाने बदल्यात माझ्या पाळीतले दोन तास मागितले. माझा म्हणाला एक. त्याचा दीडवर आला. माझा सव्वावर अडला. ऊन चढत होतं, रोप आणखी वाकत होतं आणि दोघे विद्वान पाव तासावर घासाघीस करत होते.

भाऊ एकदम उठला आणि तरातरा लांब लिंबाकडे चालता झाला. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली: संपर्क तुटला. बोलणी फिसकटली.

संपलं रोप, म्हणून मी डोक्याला हात लावला, तोच लिंबाखालच्या पेटीत स्टार्टरचा खटका वाजला. भावाने व्हॉल्व्ह माझ्या बाजूला फिरवला आणि वाफ्यांकडे पाणी खळाळत निघालं.

"आरं, फोनात काय बघतूस?" तिकडून आरोळी आली. "दारं धर की! वाफा फुटंल!"

चपला काठावरच टाकून मी पाणी एकेका वाफ्यात वळवायला पळत सुटलो.