मोटारीच्या पोटात कल्हई

आमच्या घरात मोटार आली ती तुकड्यांनी. आधी गोणपाटात गुंडाळलेल्या दोन गंजक्या नळ्या आल्या आणि त्यांच्यामागून संस्थानच्या मोटारीवरचे मामा, कपाळाला आठ्या घालून. जव्हारच्या बाजारात तेव्हा आमची तांबटाची भट्टी होती. आमचे हे ठोकायचे, मी भाता ओढायची. लग्न होऊन नाशकाहून आले तेव्हा नवरा कसा आहे ते पुष्कळ दिवसांनी कळलं, भाता मात्र दुसऱ्याच दिवशी कळला.

त्या साली तो भाता भिंतीशी दोरीनं बांधून ठेवला होता. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली होती, हलकी आणि स्वस्त. तांब्याचा हंडा घेणार कोण? ह्यांनी ठरवून टाकलं की अक्षय्य तृतीया झाली की भट्टी मोडायची आणि मुंबईला गिरणीत जायचं. मी भांडले, रुसले, एक दिवस चूलसुद्धा पेटवली नाही. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि गप्प राहायचे. गप्प माणसाशी भांडण्यासारखा दुसरा जाच नाही. मला गिरणी नको होती, चाळ नको होती. मला माझी भट्टी हवी होती, आणि ते मी आल्यागेल्याला सांगत होते.

आता मोटारीचं सांगते. लांब नाकाची, हिरवी, दोन माणसांची मोटार. पाठीमागचं झाकण उघडलं की तिसऱ्यालाही कसंबसं बसता यायचं. कधीकाळी शर्यतीत पळालेली म्हणे. आम्ही पाहिली तेव्हा पळायची कमी आणि वाफ जास्त सोडायची. मामा पूर्वी बग्गीवर होते, त्यामुळे मोटार त्यांना घोड्याच्याच जातीची वाटे. मुक्कामाला पोचले की तिच्या नाकावरून हात फिरवायचे. वाटेत तापली की पाणी दाखवायचे. सूर्यमाळच्या चढावर एक पाडा लागतो, तिथं ती हमखास तापायची. उन्हाळ्यात तिथल्या बाया खालच्या झऱ्यावर बसून वाटीवाटीनं पाणी भरतात आणि मग तो चढ चढतात. मामांनी भोंगा वाजवला की कुणीतरी बाई डोक्यावरचा हंडा उतरवून मोटारीत ओतायची. सरकारी मोटार ती, तिला नाही कोण म्हणणार? हे मामांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझ्या हातात चिमटा होता, तो मी खाली ठेवला एवढंच.

खासगीकडच्या कारभाऱ्यांचं म्हणणं पडलं की मोटारीतल्या पाण्याच्या नळ्या गंजून गळताहेत, नव्या विलायतेहून यायच्या तर पावसाळा उलटेल, त्यापेक्षा मोटारच मुंबईला विकून टाकावी. मोटार गेली की मामांचीही चाकरी संपली. तेव्हा मामांनी हातापाया पडून एक संधी मागून घेतली: नळ्या बाजारातला तांबट करून देईल. कारभाऱ्यांनी अट घातली. मोटारीनं सूर्यमाळला जाऊन परत यायचं आणि वाटेत पाण्याचा थेंब घालायचा नाही. जमलं तर मोटारखान्याचं आणि मुदपाकखान्याचं तांब्यापितळेचं सगळं काम कायमचं आमच्याकडे. नाही जमलं तर मोटार मुंबईला.

आणि तिच्यामागून आम्ही. ते मात्र कुणी बोललं नाही.

ह्यांनी नळ्या हातात घेऊन नखानं खरवडल्या तर पापुद्रे सुटले. लोखंड मेलं कुजलेल्या फणसासारखं झालं होतं. ह्यांनी एक नळी उभी कापली, आणि आत वाकणाशी काय निघावं? चिंचोका. काळा, फुगलेला, चांगला शाबूत चिंचोका. मी मामांकडे पाहिलं. मामांनी छपराकडे पाहिलं.

मग हळूहळू बाहेर आलं. पाडव्याला गुढीवरचा तांब्या चिंचेनं उजळतात, दसऱ्याला हत्यारं घासतात, दिवाळीला देव. मग मोटारीनं काय पाप केलंय? म्हणून मामा दर सणाला मोटारीच्या पोटात चिंचेचं पाणी मीठ घालून भरायचे आणि सण होईपर्यंत तसंच ठेवायचे. बाहेरून सगळेच पुसतात, आतून उजळली पाहिजे, हा त्यांचा भाव. मी त्यांना अशी बोलले की शेजारच्या वाण्यानं तराजू खाली ठेवला. म्हटलं, मामा, चिंच लावायची आणि लगेच धुऊन टाकायची असते. ताक तांब्यात ठेवत नाही हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीला कळतं, आणि तुम्ही सणभर लोखंडात आंबट मुरवताय? मामांनी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून नाही, असं देवाशपथ सांगून गेले.

मी दोरी सोडली आणि भाता खाली घेतला.

ह्यांनी तांब्याचा पत्रा कापला, कडांना दाते पाडले, दात्यात दाते अडकवून नळी वळली आणि टाकणखार लावून जोड पितळेनं भरून घेतला. हंड्याचं बूड असंच जोडतात, त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते वाकवणं. मोटारीच्या पोटात नळी नागिणीसारखी दोनदा वळत होती, आणि पोकळ नळी वाकवली की चपटी होते. म्हणून आत राळ वितळवून ओतली, गार होऊ दिली, आणि ह्यांनी लाकडाच्या ओंडक्यावर नळी दाबायला घेतली. कट्‌ असा आवाज झाला. आतली राळ तडकली आणि नळी पोटाशी चेपली. ह्यांनी हातोडी अशी फेकली की अंगणातली कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही. गप्प माणूस पहिल्यांदा बोलला, काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मला मात्र बरं वाटलं. ज्याला गिरणीतच जायचंय तो कशाला हातोडी फेकेल?

राळ नुसतीच ओतली म्हणून तडकली होती. दुसऱ्या खेपेला मी तिच्यात थोडं खुरसणीचं तेल घातलं, तशी ती मऊ आणि चिवट झाली. नळी गोल राहून वळली, पहिल्या वळणाला आणि दुसऱ्यालाही. मग राळ तापवून काढून टाकली, एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्या तोंडाला भाता लावला आणि नळी पाण्याच्या हंड्यात बुडवली. मी जीव खाऊन भाता दाबला. एक बुडबुडा आला नाही.

हे म्हणाले, झालं. मी म्हटलं, झालं कसं? आत कल्हई करा. हे म्हणाले, त्यात काय कढी करायचीय का? मी म्हटलं, मामांना मी ओळखते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नवसागर आणायला उठले. नळी तापवली, नवसागराचा धूर काढला, आत कथील ओतलं आणि दोन्ही तोंडं धरून ती अशी फिरवली की कथील सगळीकडे लागावं. डोळा लावून पाहिलं तर आत लख्ख चांदणं. आयुष्यात पुष्कळ भांडी कल्हई केली, पण अशी जागा, जिथं कुणी कधी बघणार नाही, तिथं नव्हती केली.

दुसरी नळीही तशीच केली. दोन्ही बसवल्या, रबराचे तुकडे जोडून पट्ट्या आवळल्या. कारभारी म्हणाले, ज्यानं जोडलं त्यानं बसायचं, नळी फुटली तर उकळतं पाणी आधी त्याच्या अंगावर. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, दोघांनी जोडलंय."

झालं! बाजार गोळा झाला. मी पदर खोचला आणि मोटारीच्या पाठीवर चढून बसले. वाणीण म्हणाली, अगं काय हे. मी म्हटलं, घागर घेऊन आडावर जाते तसंच जातेय, तेवढंच लांब.

चैत्र सरत आला होता, ऊन वैशाखाचं. मोखाड्यापर्यंत रस्ता फुफाट्याचा, पुढं चढण. हे पुढं मामांशेजारी, हाताची मूठ मांडीवर. मी मागं, नाका-तोंडात धूळ, आणि जीव सगळा पुढच्या झाकणाखालच्या त्या नळ्यांत. सूर्यमाळचा चढ लागला तशी मोटार घरघरायला लागली. मी म्हटलं, आता. आता वाफ येणार. पाडा दिसला. सवयीनं मामांचा हात भोंग्यावर गेला आणि सवयीनंच त्यांनी मोटार थांबवली. झऱ्याकडून चार बाया वर येत होत्या. पुढची थांबली, डोक्यावरचा हंडा उतरवला आणि तो धरून मोटारीच्या नाकापाशी आली. मी उडी मारून खाली उतरले, नाकाशी हात नेला. तापलं होतं, पण उकळत नव्हतं. जोड कोरडे. खाली मातीत एक थेंब नव्हता.

मी तिला म्हटलं, "बाई, आज नको. घरी न्या."

तिनं मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज ही पाणी नाय पीत?"

"नाय पीत. इथून पुढं नाय."

तिला खरं वाटेना. ती हंडा घेऊन तशीच उभी. मागची बाई हसली, मग हीही हसली, आणि दोघींनी मिळून तो हंडा परत डोक्यावर चढवला. ती चालू लागली तेव्हा त्यातलं थोडं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. मला इतका आनंद झाला की मी मामांना म्हटलं, वाजवा आता भोंगा, हवा तेवढा वाजवा. मामांनी वाजवला. पाड्यावरची कुत्री पार सूर्यमाळपर्यंत आमच्यामागं धावली.

परत आलो तेव्हा कारभारी मोटारखान्याच्या दारात होते. मोटार गार होऊ दिली, मग त्यांनी स्वतः पाण्याचं बूच फिरवून आत पाहिलं. पाणी गळ्यापर्यंत. ते हसणार तेवढ्यात त्यांनी दोन बोटांनी आतून काहीतरी उचललं. चिंचेची शीर. हुंगून पाहिली आणि विचारलं, हे काय?

मामांचा चेहरा पांढरा झाला. सकाळी नवीन नळ्यांची पूजा केली होती त्यांनी, आणि पूजा म्हणजे चिंच आलीच. देवाशपथ गेली वाऱ्यावर. त्या क्षणी त्यांना चार शब्द सुनवायची मला इतकी हौस आली होती म्हणून सांगू! पण त्यांची चाकरी त्या बोटांत लोंबत होती.

मी म्हटलं, "असू द्या साहेब. आत कल्हई आहे."

कारभाऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. कारभाऱ्यांनी शीर फेकून दिली, हात पुसले आणि म्हणाले, उद्या मुदपाकखान्याची पातेली पाठवतो. मामांना मी नंतर गाठलंच, तबेल्यामागं, आणि राहिलेलं सगळं बोलून घेतलं. ते मान खाली घालून ऐकत होते आणि मधेमधे डोळे पुसत होते, त्यामुळे मला अर्ध्यावरच थांबावं लागलं.

घरी आलो. भात्याची दोरी खुंटीवर लोंबत होती, मुंबईला जाताना पुन्हा बांधायला म्हणून ह्यांनी जपून ठेवलेली. ह्यांनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती परसात दोन झाडांना ताणून बांधली आणि धुळीनं भरलेलं माझं लुगडं धुऊन तिच्यावर वाळत घातलं.