खारे वारे आणि बंद खिडकी

मी भूगोल शिकवते. धुळ्यातल्या एका शाळेत, आठवी ते दहावी. भारताचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकते, आणि मुलांचं म्हणणं असं की मी तसाच काढते. निळ्या खडूने समुद्र रंगवायला घेतला की माझ्या अंगात येतं. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, किनाऱ्यावरचं सम हवामान, सगळं इतक्या ठसक्यात सांगते की नव्या माणसाला वाटावं, बाई कोळीवाड्यात वाढल्या. बाई वाढल्या असोद्याला, केळीच्या बागेत. समुद्र मी पाहिलेलाच नव्हता. मुंबईला दोनदा गेले होते, पण दोन्ही वेळा लग्नाला, आणि आमच्याकडची माणसं लग्नाला गेली की पंगत उठेपर्यंत मांडव सोडत नाहीत. मग थेट गाडी.

ही गोष्ट मी स्वतःहून कोणाला सांगत नसे. अक्कांनी ती एका वाक्यात बाहेर काढली. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. शिरपूरकडच्या खेड्यातून आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, आणि गुडघ्यांमुळे आता दुसऱ्या मजल्यावरून सहसा खाली उतरत नाहीत. चेन्नईला भूगोलाच्या शिक्षकांचं एक शिबिर होतं, त्यात माझी निवड झाली होती. मी बॅग भरत होते, अक्का शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"तठे समुद्र शे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे ना."

"तू शाळामा पोरेसले समुद्र शिकाडस. तू देखेल शे का?"

मी नाही म्हटलं. त्या पुढच्या शेंगेकडे वळल्या. पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणाल्या, "मंग देखी ये. आन माले सांग. बठ्ठं सांग." बठ्ठं म्हणजे सगळं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात पुष्कळदा वापरली आहे. त्या दिवशी तिचा अर्थ नीट कळला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की समुद्र बघणार, आणि एकटी जाऊन बघणार. आमचे हे म्हणाले, "एकटी कशाला? कोणीतरी बरोबर घे." त्यांचंही चुकलं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी एकटी गेले असेन ती शाळेत आणि दातांच्या डॉक्टरकडे. पण का कोण जाणे, त्या 'एकटी कशाला'चा मला राग आला. तो राग मी दशम्या, शेव आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर बॅगेत भरून घेतला.

शिबिराचे दिवस नकाशे, भाषणं आणि सांबार यांत गेले. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला सगळं आटोपलं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि वसतिगृहाचं फाटक आठला बंद होत असे. म्हणजे बारापासून आठपर्यंतचा वेळ माझा. पुण्याच्या एक बाई साड्या घ्यायला निघाल्या होत्या, त्यांनी आग्रहाने बोलावलं. मी मान किंचित वर करून म्हटलं, "मला काम आहे." एकटीने मोठ्या शहरात फिरणाऱ्या बायका असंच बोलत असाव्यात, अशी माझी कल्पना होती.

खोलीत आले. पर्समध्ये पाण्याची बाटली, स्कार्फ, गॉगल आणि एक कांदा होता. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी दाराच्या कडीला हात घातला, आणि घड्याळाकडे पाहिलं.

इथे मला थोडं आमच्या भागाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं वागणं निव्वळ बावळटपणाचं वाटेल. मार्च संपत आला होता. या दिवसांत आमच्याकडे अकरा वाजले की खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात, कूलरमध्ये पाणी भरलं जातं. बारा ते चार या वेळात शहाणा माणूस उंबरा ओलांडत नाही. कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला ओल बघून पडलेली असतात. दुपारी कोणी दार वाजवलं तर आधी मनात येतं, कोण गेलं? हे मी कधी शिकले नाही, ते हाडातच आहे. त्यामुळे घड्याळात साडेबारा पाहिल्याबरोबर माझा हात कडीवरून आपोआप खाली आला. मी स्वतःला समजावलं, ऊन उतरलं की निघू. चारला.

आणि मग मी रीतसर सगळं केलं. उघडी खिडकी लावून घेतली, कारण झळा येतील. पडदा चांगला फडफडत होता, तो ओढून त्याची टोकं खिळ्यांना अडकवली. फरशीवर पाणी शिंपडलं. पंचा भिजवून खिडकीवर टांगला. अंधार केला, दशमी-ठेचा खाल्ला आणि ओल्या फरशीवर आडवी झाले. धुळ्याच्या कोरड्या हवेत या उपायाने खोली गार पडते. चेन्नईच्या दमट हवेत काय होतं ते सांगते: माणूस उकडून निघतो. मी घामाने निथळत होते आणि मनात म्हणत होते, बघ, आत ही परिस्थिती, तर बाहेर काय आग लागली असेल. बरं झालं गेले नाही.

तरी झोप लागली. आडवं पडल्यावर झोप न लागण्याइतकी मी कधी मोकळी नसते.

उठले तेव्हा चार वाजून गेले होते. चारला खिडकी उघडायची, हीही आमची रीतच. पंचा काढला, पडदा सोडवला, खिडकी उघडली आणि वारा असा आत घुसला की टेबलावरचे शिबिराचे कागद खोलीभर उडाले. गार, ओलसर, जरा चिकट वारा. मी तिथेच उभी राहिले. दुपारी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि समुद्रावरून जमिनीकडे वारे वाहतात. त्यांना खारे वारे म्हणतात. हे वाक्य मी दरवर्षी तीन तुकड्यांना लिहून देते. परीक्षेत ते हमखास येतं. ते वारे दुपारभर माझ्या खिडकीवर धडका देत होते आणि मी त्यांना पंचा आडवा लावला होता. खाली रस्त्यावर बायका उघड्या डोक्याने, गप्पा मारत, निवांत चालल्या होत्या.

स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल. हाताशी आलेल्या वेळेतला निम्मा मी ओल्या फरशीवर घोरत घालवला होता. अक्कांना काय सांगणार होते? की खिडकी फार छान होती?

तशीच निघाले. घाईत फोन चार्जिंगला राहिला, तो रिक्षा मोठ्या रस्त्याला लागल्यावर आठवला. मागे फिरावंसं वाटलं. पण मागे फिरले असते तर काहीतरी आवरत बसले असते, इतपत मी स्वतःला ओळखते. रिक्षावाला आरशातून मधूनमधून बघत होता. स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे; ऊन उतरलेलं असतानाही मी दरोड्याला निघाल्यासारखा वेश केला होता. किनाऱ्याजवळ उतरल्यावर ते सगळं काढून पर्समध्ये कोंबलं.

वाळू फार होती. चालून चालून पोटऱ्या भरून आल्या, आणि मग समुद्र दिसला. खरं सांगते, पहिला विचार असा आला की हा मी काढते त्यापेक्षा बराच मोठा आहे. दुसरा विचार, चप्पल कुठे ठेवू. ती शेवटी हातात धरली आणि पाण्यात पाय घातले. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी घाबरून जवळजवळ बसलेच. मग आजूबाजूला कोणी बघत नाहीसं पाहून बोट बुडवलं आणि चाटलं. खारट. इतकी वर्षं खरं तेच शिकवत होते, याचं बरं वाटलं.

मागे सरकून कोरड्या वाळूत बसले. हिरवी कैरी आणि खोबरं घातलेली वाटाण्याची उसळ कागदाच्या पुडीत मिळत होती, ती घेतली. आता सूर्य समुद्रात बुडताना बघायचा होता. कॅलेंडरावर असतो तसा. अक्कांना मुख्य तेच सांगायचं ठरवलं होतं. मी समुद्राकडे तोंड करून वाट बघत बसले. उजेड कमी होत गेला. पाणी करडं झालं, सूर्याचा पत्ता नाही. वाटलं, ढग असतील. मग मानेला रग लागली म्हणून मागे वळले, तर शहरातल्या इमारतींच्या मागे आभाळ लालभडक झालेलं, आणि सूर्य केव्हाच गेलेला.

बंगालचा उपसागर. पूर्व किनारा. मी दरवर्षी निळ्या खडूने नकाशाच्या उजव्या अंगाला रंगवते तो.

मी मोठ्याने हसले. एकटं असण्याचा हा मोठा फायदा की साक्षीदार नसतो. माझ्या वर्गातलं एक पोरगं जरी तिथे असतं तरी मला बदली मागावी लागली असती. पण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. धुळ्यात मी भाजी घ्यायला गेले तरी कोणाचा तरी बाप मेथीच्या जुडीआडून मार्कांची चौकशी करतो. इथे मी ना मॅडम, ना वहिनी, ना कोणाची आई. अंधार पडेपर्यंत बसून राहिले. काही विचार केला असं नाही. कंटाळा येईल असं वाटलं होतं, तो आला नाही, आणि एक क्षण असा आला की मला फार आनंद झाला, अगदी कारण नसताना, आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटून मी उठले.

फाटक बंद होता होता पोहोचले. फोनवर ह्यांचे बरेच मिस्ड कॉल होते आणि खाली दोन मेसेज. पहिला, हिंगाची डबी कुठे आहे. दुसरा, सापडली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अक्कांजवळ बसले. बठ्ठं सांगायचं कबूल केलं होतं, तर बठ्ठं सांगितलं. खिडकी, पंचा, चुकीच्या दिशेला शोधलेला सूर्य. सूर्यावर त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग मी लाटांकडे वळले. किती उंच, कसा आवाज, पाणी कुठपर्यंत. शिकवायची सवय असल्याने मुद्देसूद सांगत होते.

त्यांनी मधेच थांबवलं. "तठे तू एकलीच बठेल व्हती का?"

"हो. दोनेक तास."

"कोनीच हाक नही मारी?"

"नाही. फोन खोलीवर राहिला होता."

"चहा बी कोनी मांगा नही?"

"नाही, अक्का."

अक्का चौदाव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. सात दीर, दोन नणंदा, पाच मुलं. मी पुन्हा लाटांकडे जाऊ लागले.

"समुद्र ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या दोन तासनं सांग."

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी चहाचं विचारलं. मी सवयीने उठायला लागले, तर अक्कांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"करी लेई तो," त्या म्हणाल्या. "तू सांग."