इंगळे सरांचा 'हिदरटू'

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. चहाला उशीर झाला की एक निघतो, चहा गार आला की दुसरा. आमच्याकडचे निम्मे किस्से इंगळे सरांचे, अन् तेही एकाच इंग्रजी शब्दाचे. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचं गाव नांदुऱ्याजवळचं. मी गणित शिकवायचो, इंगळे सर इंग्रजी.

*

अकरावीच्या धड्यात 'हिदरटू' आला. गाईडात अर्थ होता, आतापर्यंत. सरांना तेवढ्यानं भागेना. ते पोरांना सांगत, "आतापर्यंत होतं अन् आता बदलणार, अशाच ठिकाणी हा शब्द शोभतो."

एकानं लिहिलं, माझे वडील हिदरटू शेती करतात.

सरांनी विचारलं, "आता सोडणार काय रे?"

"नाही सर. सोडून जातीन कुठी?"

"मग खोड तो शब्द."

*

इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हा दोन वर्ग लिंबाखाली भरत होते. हेडमास्तर देशमुख सरांचं इंग्रजी भाषण इंगळे सरांनीच लिहून दिलेलं. त्यात होतं, शाळेला हिदरटू खोल्या कमी आहेत.

साहेब खूश झाले. "म्हणजे बांधकाम सुरू झालं तर!"

देशमुख सरांनी इंगळे सरांकडे पाहिलं. नंतर आम्ही छेडलं तर इंगळे सर म्हणाले, "मी आशेनं लिहिलं होतं."

*

लग्नाच्या बोलणीत डोणगावच्या सासऱ्यांनी विचारलं, नोकरी पक्की हाय ना? सरांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "हिदरटू टेम्पररी."

सासऱ्यांना वाटलं, मोठा हुद्दा असंन. लगेच सुपारी फुटली!

खरा अर्थ वहिनींना लग्नानंतर कळला. त्या खूप हसल्या म्हणे. पण सरांची नेमणुकीची ऑर्डर दर उन्हाळ्यात संपायची अन् जूनमध्ये नवी मिळायची. तेवढ्या दिवसांत वहिनी आमच्यापैकी कुणी दिसलं की हळूच विचारत, "औंदा तरी पक्की होईन ना भाऊजी?"

*

एका जूनमध्ये ऑर्डर आलीच नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या बी.ए. झाला होता. देशमुख सर पुन्हा पुन्हा अध्यक्षांच्या घरी गेले. शेवटच्या खेपेला परत आले ते खुर्चीत बसत म्हणाले,

"इंगळे, माझं काही चाललं नाही."

त्यांनाच धीर देत इंगळे सर म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

*

आम्ही सगळे त्यांना नांदुरा स्टेशनवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, वहिनींच्या कडेवर मुलगी. देशमुख सरांनी मुलीसाठी केळी घेतली. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी खिडकीची दांडी धरली.

"इंगळे, कुठंही जा. तुम्ही आमच्याच शाळेचे मास्तर आहात."

इंगळे सरांनी हात जोडले.

"हिदरटू, सर."

गाडी हलली. देशमुख सर दांडी धरून फलाट संपेपर्यंत चालत गेले.