भडोचला नदी उलटी चालते

माझी आत्या रेवाबाई अक्राणीच्या डोंगरातली, नर्मदेकाठची. तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती. अशा बाईला एका शहरानं पार चक्रावून सोडलं. ते भडोच.

सन एकतीसच्या हिवाळ्यात तिचा नवरा उदेसिंग बांबूंचा तराफा घेऊन भडोचला निघाला, तर ही हट्टानं बरोबर गेली. घाटावर बांबूंचा व्यापारी शांतीलाल शहराची थोरवी सांगत बसला. "अरबस्तानची जहाजं इथं लागायची, बाई! पुढं नदी गाळानं भरली, जहाजं सुरतेला, मुंबईला गेली. समुद्र तीस मैल लांब आहे, पण भरती अजून इथवर येते."

"जहाजं गेली, मग समुद्र कशाला येतो?" आत्या म्हणाली. शेटजी थापा मारतोय, असंच तिला वाटलं.

ती मीठ आणायला बाजारात गेली. परत येऊन बघते तर घाटावर तराफा नाही आणि त्यावर झोपलेला उदेसिंगही नाही! दोर सुटला होता. एक नावाडी ओरडला, "भरती आहे, वर गेला तो, वर!" आत्यानं त्यालाच शिव्या घातल्या. ढोर वाहून जावो नाहीतर लाकूड, ते खालीच सापडतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. ती खालच्या अंगाला धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर तराफा खाली आला. रिकामा. बांबूंत उदेसिंगचा फेटा अडकलेला. आत्या ऊर बडवून रडली. अगं, एकदा घाटावर जाऊन विचारायचंस तरी! पण नाही. त्या मेल्या गावाचं तोंड बघायचं नाही म्हणून ती अक्कलकुव्याच्या वाटेनं सरळ घरी आली. गावानं उदेसिंगचं दिवसकार्य उरकलं, तिच्या बांगड्या उतरल्या.

आणि विसाव्या दिवशी उदेसिंग कुंपणाशी हजर! म्हणाला, "भरतीनं मला वर नेलं. उडी टाकून काठ गाठला. मग आठ दिवस हिलाच घाटोघाट शोधत होतो."

गावचा म्होरक्या वीरसिंग काठी आडवी धरून उभा राहिला. "नदी वर नेते होय? उलटं चालतं ते भूत."

लोकांनी उदेसिंगचे पाय पाहिले. पाय सरळच होते. तरी कुणी पुढं होईना. ज्याचं दिवसकार्य झालं त्याला आत घ्यायचं की हाकलायचं, कुणालाच कळेना.

"रेवा, तू होतीस तिथं," वीरसिंग म्हणाला. "नदी उलटी चालते का? नसेल चालत, तर हा आपला माणूस नाही."

आत्याच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. समोर उदेसिंग थंडीनं कुडकुडत तिच्याकडे बघत होता.

"चालते," ती म्हणाली. "मी पाहिली." आणि काठी बाजूला सारून तिनं त्याचा हात धरला.

"मला अजून पटत नाही रे," म्हातारपणी ती मला सांगायची. "पण माणूस दारात उभा असताना नदीचं काय घेऊन बसायचं?"