टीव्हीकडे पाठ

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या चहाच्या टपरीवर मुंबईची मॅच लागली की तो यायचा. जवळच्याच पॉवरलूमवर कामाला असावा, कारण केसांत कायम सुताचा भुगा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

तो टीव्हीकडे पाठ करून बसायचा. आपण बघितलं की मुंबईची विकेट पडते, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे मॅच तो आमच्या तोंडांवर बघायचा. बंगळूरच्या बाजूची पोरं हसली की कपाळाला हात लावायचा. एकदा मला जांभई आली, तर ‘कोण आऊट झालं?’ म्हणून घाबरला.

एकदा मी विचारलं, "अण्णा, मुंबईला कधी गेलता?"

"न्हाय."

"मग एवढं कशापायी?"

"महाराष्ट्रात जायाचं म्हणून आमच्या आप्पांनी मोर्चे काढले. गाव हितंच ऱ्हायलं. गाव कुठं असावं ते आमच्या हातात न्हाय. टीम हाय."

त्या दिवशी मुंबई हरली. मग टीव्हीवर चर्चा लागली, सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक कुठल्या शहराचे. तज्ज्ञ एकेक शहर सांगत होते. मॅच संपली होती, तरी त्यानं मान वळवली नाही.

"बेळगावचं नाव घेतलं काय?" त्यानं मला विचारलं.

"न्हाय."

"मुंबईचं?"

"घेतलं की."

"मग आम्ही त्यातच आलो," तो म्हणाला, आणि उरलेला चहा पिऊन लूमवर गेला.